सायकल टूरमधला सर्वात कठीण दिवस आणि आपल्या धंद्यातले जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर



या आठवड्याच्या व्हिडिओत लांब पल्ल्याच्या सायकलिंगबद्दल बोललो. त्यातली आकडेमोड स्क्रीनवर पटकन निघून जाते, म्हणून ती इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे.

आधी एक प्रश्न. आपल्या भंडारा जिल्ह्यात नवीन दुकानाचं शटर कायमचं खाली कधी येतं? दिवाळीत नाही. धान निघून बाजारात पैसा आला की नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यांचंच बरं चालतं. अडचण येते जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरमध्ये. गिऱ्हाईकाचा पैसा रोवणीत, खतात, मजुरीत गेलेला असतो. पाऊस असला की रस्त्यावर माणूस नसतो. आणि जो येतो तो म्हणतो, "भाऊ, लिहून ठेवा, धान निघालं की देतो."

हे तीन महिने म्हणजे लांब सायकल टूरमधला घाटाचा दिवस. टूर पहिल्या दिवशी कोणी सोडत नाही, तेव्हा उत्साह असतो. शेवटच्या दिवशीही सोडत नाही, घर दिसत असतं. माणसं गळतात मधल्या कठीण दिवशी. म्हणून लांब पल्ल्याचे सायकलवाले अख्ख्या टूरचं नियोजन सोप्या दिवसांवरून करत नाहीत, सर्वात कठीण दिवसावरून करतात. आपण धंद्याचं गणित मात्र दिवाळीवरून करतो. आजचा धडा एवढाच आहे, आता तो तुकड्या-तुकड्यानं समजून घेऊ.

१. वेळ रस्त्यावर जात नाही, थांब्यावर जातो

लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा एक प्रकार आहे, ब्रेव्हे. फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या संस्थेच्या नियमांनी तो जगभर चालतो, भारतातही. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं, बस.

- २०० किमी : १३ तास ३० मिनिटं
- ३०० किमी : २० तास
- ४०० किमी : २७ तास
- ६०० किमी : ४० तास

एकाच हंगामात हे चारही पूर्ण केले की 'सुपर रँदोनिअर' म्हणतात.

आता आपल्या भागात मांडून बघू. नागपूरहून साकोली साधारण १०० किमी. जाऊन-येऊन २००. समजा तुमचा चालता वेग ताशी २२ किमी आहे. मग पेडल मारण्याचा वेळ होतो साधारण ९ तास ५ मिनिटं. हातात उरतात जवळपास साडेचार तास. वाटतं, भरपूर वेळ आहे! तर्री पोहे खाऊ, चहा घेऊ, फोटो काढू.

पण हा सोपा दिवस झाला. कठीण दिवस असा मांडा : परत येताना समोरून वारा आहे आणि वेग १६ वर आलाय. जातानाचे १०० किमी ४ तास ३३ मिनिटांत, येतानाचे ६ तास १५ मिनिटांत. एकूण १० तास ४८ मिनिटं. उरले २ तास ४२ मिनिटं. आणि तुम्ही वीस-वीस मिनिटांचे आठ थांबे घेतलेत, म्हणजे २ तास ४० मिनिटं. शिल्लक किती? दोन मिनिटं! एक पंक्चर झालं की तुम्ही बाद.

इथे वाऱ्याचं तुम्ही काही करू शकत नाही. थांबा मात्र तुमच्या हातात आहे.

हे नुसतं कागदावरचं वाटत असेल तर आपल्या नागपूरचं उदाहरण घ्या. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही स्पर्धा एकट्यानं पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किमी. वाळवंट, मग रॉकी पर्वत, मग कॅन्ससचा वारा, आणि शेवटी शरीर थकलेलं असताना पुन्हा डोंगर. मर्यादा १२ दिवसांची. त्यांची वेळ ११ दिवस २१ तास ११ मिनिटं. म्हणजे हातात उरले २ तास ४९ मिनिटं.

आता बघा, रोज फक्त १५ मिनिटं जास्त थांबा घेतला असता तर बारा दिवसांचे किती झाले? १८० मिनिटं, म्हणजे ३ तास. स्पर्धा हातातून गेली असती. ४,८०० किलोमीटरचा निकाल रोजच्या पंधरा मिनिटांवर आला!

धंद्यात "थांबा" म्हणजे काय? दुकान नऊऐवजी पावणेदहाला उघडणं. माल संपल्यावर दोन दिवसांनी ऑर्डर देणं. गिऱ्हाईक समोर असताना फोनवर असणं. बिल बनवायला उशीर, मग पैसे मागायला उशीर. विक्री कमी असणं हा वारा आहे. ही गळती आपली स्वतःची आहे. मंदीत पहिली ही बंद करा, कारण तिला भांडवल लागत नाही.

२. भूक लागण्याआधी खा

शरीराकडे साखरेचा जो साठा असतो, तो जोरात सायकल चालवली तर साधारण दीड-दोन तासांत संपायला लागतो. संपला की पाय चालत नाहीत, डोकं चालत नाही, चिडचिड होते. ताकद असलेला तगडा पोरगासुद्धा रस्त्याच्या कडेला बसतो. आणि तेव्हा खाल्लं तरी लगेच उपयोग होत नाही, पोटातून रक्तात जायला वेळ लागतो. म्हणून अनुभवी माणूस भूक नसतानाच खातो. केळं, खजूर, गूळ-शेंगदाणे, थोडं-थोडं, दर अर्ध्या-पाऊण तासाला. पाणीही तसंच, मीठ-साखर घालून.

धंद्यात हा साठा म्हणजे रोकड. नफा नव्हे, रोकड. या दोन्हीतला फरक ज्याला कळला त्याचं दुकान वाचतं. उदाहरण करूया.

समजा लाखनीत एक दुकान आहे. महिन्याचा ठरलेला खर्च :

- भाडं ७,०००
- कामावरचा मुलगा ८,०००
- वीज २,०००
- कर्जाचा हप्ता ९,०००
- किरकोळ २,०००
- घरखर्चाला १२,०००
- एकूण ४०,०००

मालावर सरासरी २० टक्के सुटतात. म्हणजे ४०,००० भागवायला महिन्याला २ लाखांची विक्री हवी. चांगल्या नऊ महिन्यांत २ लाख ३० हजारांची विक्री होते, ४६,००० सुटतात, खर्च जाऊन ६,००० उरतात. छान.

जुलैपासून विक्री येते १ लाख ३० हजारांवर. सुटतात २६,०००. तूट १४,०००. तीन महिन्यांचे ४२,०००. बरेच जण इथे थांबतात आणि म्हणतात, "नऊ महिन्यांचे ५४,००० शिल्लक आहेत, निघून जाईल."

थांबा! त्या १ लाख ३० हजारांपैकी ३०,००० उधारीवर गेलेत. मग गल्ल्यात आले १ लाख. विकलेला माल परत भरायला लागतात १ लाख ४ हजार. वर खर्च ४०,०००. म्हणजे गेले १ लाख ४४ हजार. खड्डा महिन्याला ४४,०००. तीन महिन्यांचा १ लाख ३२ हजार.

कागदावर तूट ४२ हजारांची आणि गल्ल्यात खड्डा १ लाख ३२ हजारांचा. मधले ९०,००० उधारीच्या वहीत आहेत. ते बुडालेले नाहीत, धान निघाल्यावर येतीलही. पण हप्ता धान निघायची वाट बघत नाही. दुकानात ताकद असून ते रस्त्याच्या कडेला बसतं ते असं.

मग काय करायचं? दोन गोष्टी.

एक : मंदीत उधारीची मर्यादा महिन्याला १०,००० ठेवा. आता तुम्ही म्हणाल, "सर, मग गिऱ्हाईक जाईल." जाऊ शकतं. सर्वात वाईट धरू, की उरलेली २०,००० ची विक्री पूर्णच गेली. विक्री राहिली १ लाख १० हजार. गल्ल्यात आले तेच १ लाख. माल भरायला ८८,००० आणि खर्च ४०,०००, एकूण १ लाख २८ हजार. खड्डा महिन्याला २८,०००, तीन महिन्यांचा ८४,०००. विक्री कमी होऊनही खड्डा ४८ हजारांनी कमी झाला!

दोन : माल भरताना महिन्याला १०,००० चा माल कमी भरा. रॅकवर सहा महिने पडून असलेला माल आधी काढा. तीन महिन्यांचे ३०,००० वाचले. खड्डा आला ५४,००० वर. आणि आपल्याकडे नऊ महिन्यांचे शिल्लक किती होते? ५४,०००. घाट पार झाला, तोही सर्वात वाईट धरून.

पण हे कधी शक्य आहे? ते ६,००० दर महिन्याला खरंच बाजूला काढले असतील तर. म्हणून भूक लागण्याआधी खा. नोव्हेंबरमध्ये पैसा हातात असताना रोज २०० रुपये वेगळ्या खात्यात. माझ्या दुकानात मी ते सकाळी शटर उघडल्यावर करतो, रात्री गल्ला मोजताना नाही. रात्री मोजल्यावर त्या पैशाला दहा वाटा दिसतात.

बँकेतून कॅश क्रेडिटची मर्यादा घ्यायची असेल तर तीही विक्री चांगली असताना मागा. खाली बसलेल्या माणसाला कर्ज महाग मिळतं, बहुतेक वेळा सावकाराकडूनच मिळतं.

३. वाऱ्यात पुढे कोण?

ताशी २० वरून २५ ला जायचं तर वेग फक्त पाव भागानं वाढतो. पण हवेला कापायला लागणारी ताकद जवळपास दुप्पट लागते. म्हणून मंदीत "दुप्पट मेहनत करू, विक्री तेवढीच ठेवू" असं म्हणणारा लवकर दमतो. वाऱ्यात वेग कमी होणारच, तो होऊ द्यायचा. जोर तेवढाच ठेवायचा, वेग काय येईल तो.

दुसरी गोष्ट गटाची. पुढच्या सायकलीच्या मागे जवळ राहिलं की मागच्याची बरीच ताकद वाचते. वेग आणि अंतर बरोबर असेल तर पाव भाग ते एक तृतीयांशपर्यंत. पुढचा मात्र वारा अंगावर घेतो. म्हणून चांगल्या गटात पुढचा माणूस काही मिनिटांनी बाजूला होतो, मागे जातो, दुसरा पुढे येतो. आणि हे तो दमल्यावर नाही, दमण्याआधी करतो.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये हीच रेस अक्रॉस अमेरिका दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली. ती पूर्ण करणारी ती पहिली भारतीय टीम. टीमला मर्यादा ९ दिवसांची, यांची वेळ ८ दिवस १४ तास ५५ मिनिटं. टीमचा नियम असा की दोघांपैकी एक जण रस्त्यावर असावा, दुसऱ्यानं तेवढ्यात खावं, झोपावं. विचार करा, दोघंही "मीच जास्त चालवतो" म्हणून एकाच वेळी जागे राहिले असते तर? चौथ्या दिवशी दोघंही आडवे.

आपल्याकडे भागीदारीत आणि नवरा-बायकोच्या दुकानात नेमकं हेच होतं. दोघंही सकाळी नऊ ते रात्री दहा दुकानात, दोघंही दमलेले, मग भांडण गिऱ्हाईकासमोर. भांडणाचं कारण बहुतेक वेळा पैसा नसतो, झोप असते. पाळी लावा. लिहून भिंतीवर लावा. मंदीत तर नक्की लावा, कारण तेव्हा दुकानात दोघांचं कामच नसतं. एकानं दुकान सांभाळावं, दुसऱ्यानं उधारी वसुली किंवा गावोगावचा आठवडी बाजार.

४. गटाचा वेग कोण ठरवतं?

आपल्याच विदर्भातल्या माणसानं काढलेली मोठी सायकल टूर आठवते का? बाबा आमटेंची भारत जोडो यात्रा. २४ डिसेंबर १९८५ ला, साने गुरुजींच्या जयंतीला, कन्याकुमारीहून निघाली आणि काश्मीरकडे गेली. सुमारे ५,००० किमी. शंभराहून जास्त तरुण-तरुणी सायकलवर. बाबांनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती, पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे ते सायकलवर बसू शकत नव्हते, तरी वाहनातून सोबत होते. पुढे १९८८ मध्ये अरुणाचल ते गुजरात अशी दुसरी यात्राही निघाली.

त्यात वेग हा मुद्दाच नव्हता. वाटेत गावांमध्ये थांबणं, लोकांशी बोलणं, हेच काम होतं. मग आधी सांगितलं थांबे कमी करा, आणि आता म्हणतो थांबणं हेच काम, हे कसं? दोन्ही बरोबर आहे. ब्रेव्हेत घड्याळ हा उद्देश आहे, यात्रेत माणसं. तुमच्या धंद्याचा उद्देश आधी ठरवा, मग कोणता थांबा वाया गेला आणि कोणता कामाचा ते कळेल. गिऱ्हाईकाला साडी दाखवायला अर्धा तास लागला तर तो थांबा नाही, तेच काम आहे.

आणि शंभर जणांचा गट सर्वात जोरात पळणाऱ्याच्या वेगानं जात नाही. तसा गेला तर संध्याकाळी मुक्कामाला दहाच जण पोहोचतील. कठीण दिवशी मजबूत माणसाचं काम पुढे पळणं नाही, मागच्याला आपल्या सावलीत घेणं आहे. बचत गटाच्या ताईंनी हे विशेष लक्षात घ्या. दहा जणींच्या पापड-मसाल्याच्या युनिटमध्ये दोघी पटापट काम करतात आणि बाकीच्यांवर चिडतात. त्या दोघींना पॅकिंगवर नाही, शिकवण्यावर लावा. ऑर्डर घेताना गटाचा वेग धरा, त्या दोघींचा नाही.

५. पंक्चर किट खिशात हवं

ब्रेव्हेत ठरलेल्या थांब्यांव्यतिरिक्त बाहेरची मदत घेता येत नाही. म्हणून प्रत्येकाकडे ट्यूब, पंप, टायर लिव्हर, दिवा असतो. हे वजन नकोसं वाटतं, पण रात्री निर्जन रस्त्यावर तेच सोनं.

आपलं किट असं :

- मुख्य मालाचा दुसरा होलसेलर. नागपूरचा एक असेल तर गोंदिया किंवा रायपूरचा एक
- दुकानाची दुसरी किल्ली, आणि दुकान चालवू शकेल असं घरातलं एक माणूस
- दुसऱ्या बँकेचा क्यूआर कोड, नेट गेलं तर सुट्टे पैसे
- उधारीच्या वहीचा दर रविवारी काढलेला फोटो
- एका महिन्याचा हप्ता अधिक भाडं, हात न लावायच्या खात्यात

६. सोडायचं कधी?

हा भाग व्हिडिओत घाईत झाला, आणि हाच सर्वात महत्त्वाचा. "कधीही हार मानू नका" असं मी सांगणार नाही. सायकलिंगमध्येही चांगली माणसं मध्येच थांबतात, आणि बरोबर करतात.

फरक ओळखायचा तो थकवा आणि दुखापत यांतला. थकवा खाऊन, पाणी पिऊन, थोडं झोपून जातो. दुखापत पुढे गेलं की वाढते. छातीत दुखतंय, गुडघा सुजलाय, उन्हात घाम यायचा बंद झालाय, तर सायकल सोडा. नुसते पाय भरून आलेत तर आधी खा, वीस मिनिटं सावलीत बसा, मग ठरवा. चढावर, भुकेल्या पोटी निर्णय घ्यायचा नाही.

धंद्याची कसोटी साधी आहे. नोव्हेंबर ते जानेवारीचे आकडे काढा. बाजारात पैसा असताना दुकानानं स्वतःचा खर्च आणि तुमचा घरखर्च काढला का? काढला असेल तर ऑगस्टची तूट हा थकवा आहे, नियोजनानं जाईल. हंगामातही काढला नसेल तर ती दुखापत आहे. जागा, माल किंवा मार्जिन यांत काहीतरी मुळातच चुकतंय. तिथे आईचे दागिने गहाण ठेवून आणखी सहा महिने ओढू नका. थांबा, माल काढा, देणी फेडा, आणि जे शिकलात ते घेऊन दुसरं सुरू करा. दुकान बंद करणं आणि माणूस संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या गावात लोक काय म्हणतील याची भीती मोठी असते, मला माहीत आहे. पण लोक तुमचा हप्ता भरत नाहीत.

आणि हा नियम आजच लिहून ठेवा, डोकं शांत असताना : "सलग दोन हंगामांत खर्च निघाला नाही, किंवा कर्ज इतक्या रुपयांच्या वर गेलं, तर मी थांबणार." आकडा तुमचा. घरच्या एका माणसाची सही त्यावर घ्या.

गृहपाठ

१. मागच्या वर्षीच्या जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरची विक्री लिहा. नवीन असाल तर शेजारच्या दुकानदाराला विचारा, चहा पाजा, सांगतात.
२. वरच्या पद्धतीनं तूट वेगळी आणि गल्ल्यातला खड्डा वेगळा काढा.
३. तो खड्डा नऊनं भागा. तेवढे दर महिन्याला बाजूला काढायचे आहेत.
४. उधारीची महिन्याची मर्यादा ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.
५. आठवडाभर स्वतःचे "थांबे" मिनिटांत मोजा.
६. थांबण्याचा नियम लिहा, सही घ्या.

ज्यांचं दुकान अजून सुरूच झालेलं नाही, त्यांनी तिसरा मुद्दा आधी करावा. तो आकडा तुमच्या भांडवलात नसेल तर उद्घाटन पुढे ढकला. दसऱ्याचा मुहूर्त पुढच्या वर्षीही येतो.

पुढच्या व्हिडिओत उधारी वसूल कशी करायची, तीही संबंध न तोडता, ते बघू. तोवर वही भरून ठेवा. भेटूया!